करवंदांचा संप

एस्तेरबाई, तुम्हाला शिवडीला ठेवून आलो त्याला अजून आठवडा झाला नाही, आणि तुमच्या भाच्याच्या मुलाने मला अडचणीत टाकलंय. माती देऊन झाली, माणसं झाडाखाली चहाला जमली, तेव्हा हा माझ्याशेजारी येऊन बसला. पोरगा गोड आहे. टोमणा मारण्यातला नाही. म्हणाला, "आजी, एक विचारू? एस्तेरआजीने तरुणपणातल्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या लालबाग-परळच्या चाळींतल्या पोरांना बायबलच्या गोष्टी सांगण्यात घालवल्या. तुम्ही त्या वर्गातल्याच ना? तुमच्यातलं एकही पोर पुढे चर्चमध्ये आलं नाही म्हणतात. मग उपयोग काय झाला हो त्याचा?"

मी बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला आणि ठसका लागल्याचं नाटक केलं. म्हातारपणाचा हा एक फायदा आहे, ठसक्यावर कुणी शंका घेत नाही. त्याने पाणी आणून दिलं, माझी पाठ चोळली आणि प्रश्न विसरून गेला. मी नाही विसरले. घरी आल्यापासून तोच घोळतोय. त्याला काय उत्तर द्यायचं ते मी बघून घेईन. मला कळायला हवंय ते वेगळंच. तुम्हीसुद्धा मनातल्या मनात हेच विचारत गेलात का? आयुष्यातले इतके उन्हाळे या पोरांवर वाया गेले, असं वाटून गेलात का?

तर बसा. म्हणजे आता तुम्हाला बसण्याउठण्याचा त्रास नाही, पण ऐका. अधूनमधून मला अडवायची तुमची सवय होती. आज ती सोय नाही, तेव्हा मी वाटेल तेवढी बोलणार आहे.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या चाळीत आलात तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली, आणि तोंड मात्र कधी मिटलेलं नाही. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. रस्त्यावर रोज मोर्चा. अश्रुधूर आमच्या जिन्यापर्यंत यायचा, आणि ओलं फडकं डोळ्यांना कसं लावायचं ते आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी आलं होतं. बाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि युनियनमध्येही. ते घरी आले की आई आधी त्यांचं डोकं तपासायची आणि मग चहा टाकायची. अशात मे महिन्याची सुट्टी लागली. चाळीतल्या बायांना एकच चिंता होती, पोरं रस्त्यावर जायला नकोत.

आणि तुम्ही उगवलात. नगरकडच्या, नुकत्याच मास्तरीण झालेल्या, पांढऱ्या साडीतल्या, हातात गुंडाळलेली चित्रं. चाळीचे सेक्रेटरी तात्या. त्यांच्याकडे गणपती मंडळाच्या खोलीची किल्ली असायची. तुम्ही त्यांच्याकडे सकाळचे तीन तास खोली मागितलीत. काय शिकवणार ते लपवलं नाहीत. गाणी, गोष्टी, थोडं शिवणकाम, आणि गोष्टी येशूच्या, असं सरळ सांगून मोकळ्या झालात. तात्यांनी मिशीला हात लावून सांगितलं, "देतो. पण एक तक्रार आली बाई, एक, की कुलूप."

आमची आजी सावंतवाडीकडची. तिने मला समोर बसवून बजावलं, "जा गो, पण थंयसर काय खाव नको. बाटतलंस हां!"

झालं. मला तुमच्या वर्गात यायचं तेवढं एक कारण पुरलं. बाई, मला बाटणं म्हणजे काय ते बघायचं होतं. ते गोवरासारखं अंगावर येतं, की तापासारखं आतून चढतं? बाटल्यावर आपल्याला कळतं का, की दुसऱ्याने सांगावं लागतं? पहिल्याच दिवशी तुम्ही एकेक बिस्किट वाटलंत. मी ते खाल्लं आणि रात्री जेवेपर्यंत दर थोड्या वेळाने आरशात जीभ बघत राहिले. काही नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन मागून घेतली.

आठवडाभर वाट बघून मी तुम्हाला विचारलंच, "बाई, बाटायला किती दिवस लागतात?"

तुम्ही पदर तोंडाला लावलात. मला वाटलं रडताय. मग खांदे हलताना दिसले. म्हणालात, "मला कसं माहीत असणार गं, मंदा? मी जन्मापासून अशीच. बाटले होते माझे आजोबा. ते गेले. नाहीतर तुला घेऊन गेले असते विचारायला."

त्या खोलीत तुमची एक गोष्ट मी बघून ठेवली होती, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. खोलीच्या टोकाला गणपती बसायचा चौथरा होता. मागच्या वर्षीचं मखर त्याच्यावर उलटं टाकलेलं. चित्रं लावायला ती जागा किती सोयीची! सगळ्यांना दिसलं असतं. आमच्यातली दांडगी पोरं त्या चौथऱ्यावर पाय सोडून बसायची. तुम्ही मात्र आमच्याकडे आलात त्या दोन्ही उन्हाळ्यांत त्यावर एकदाही पाय ठेवला नाहीत. जमिनीवरच उभ्या राहायचात आणि मागच्या पोरांना दिसावं म्हणून चित्र डोक्यावर धरायचात. हात दुखला की हात बदलायचात. का, ते तुम्ही बोलला नाहीत, आणि मीही विचारलं नाही. इतकी चोंबडी असून हे कसं विचारलं नाही, याचं मला आज नवल वाटतं.

घरची गंमत वेगळीच. काही खाऊ नको म्हणणारी आजी संध्याकाळी वाट बघत असायची. तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता, "आज काय सांगितल्यान बाईन?" मी सांगायचे. हरवलेलं मेंढरू, वादळातली होडी. होडीची गोष्ट तर तिने तीनदा सांगायला लावली, तिचा भाऊ खलाशी होता. मी मध्येच थांबले की म्हणायची, "मगे?" म्हणजे बाई, तुमच्या वर्गात पटावर नसलेली एक विद्यार्थिनी होती. बिस्किट तिने मात्र शेवटपर्यंत घेतलं नाही.

आता सुशीकडे येते. इतका वेळ टाळत होते, ओळखलंत ना?

सुशी पलीकडच्या चाळीतली. तिच्या वडिलांनी नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती, घरातले जुने देव जाऊन नवी तसबीर आली होती. आई दादरला हिंदू कॉलनीत भांडी घासायला जायची. ती परत येईपर्यंत धाकटा भाऊ सुशीच्या कडेवर. त्यामुळे आमचा वर्ग आठाला भरायचा आणि ही यायची साडेदहाला, धापा टाकत, अकराला सुटणाऱ्या वर्गाला. कधी भावालाही घेऊनच. आम्ही आठाच्या आधी येऊन खोली झाडायचो, गोणपाटं अंथरायचो, माठ भरायचो. आम्ही म्हणजे इतर पोरं. मी मुकादम होते. मला तुम्ही नेमलं नव्हतं, पण मुकादम काय कुणी नेमावा लागतो?

आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. द्राक्षांच्या मळ्याचा मालक. सकाळी मजूर लावले, दुपारी आणखी लावले, दिवस मावळायला आला तेव्हा नाक्यावर उभे होते त्यांनाही लावलं, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी दिली. बाई, दुसऱ्या कुठल्या वस्तीत ही गोष्ट सांगितली असतीत तर पोरांनी जांभया दिल्या असत्या. तुम्ही ती गिरणगावात सांगितलीत! ज्या पोरांच्या घरात पगार, भत्ता, पाळी याखेरीज विषय नाही, त्यांच्यापुढे. खोलीत असा गलका झाला की तात्या खिडकीतून डोकावले.

"हा अन्याय आहे!" मी उभी राहून म्हणाले.

"असं? शनिवारी बोलू," तुम्ही म्हणालात.

शनिवारी तुम्ही बोललाच नाहीत. करवंदांची पाटी घेऊन आलात. काळीभोर, टपोरी करवंदं. कागदाच्या पुड्या बांधून आणलेल्या, सगळ्या एकसारख्या. अकरा वाजता वाटायला घेतल्यात आणि पहिली पुडी कुणाला? सुशीला. नुकतीच टेकली होती ती. अजून घामसुद्धा पुसला नव्हता तिने. मग शेवटून पुढे, पुढे, आणि सगळ्यात शेवटी मुकादम. माझी पुडी तेवढीच. मी मोजून... जाऊ दे, मोजली असं म्हणत नाही, पण माझं लक्ष होतं.

माझं पित्त खवळलं. रविवारभर मी जिन्यात बैठका घेतल्या. बापाची मुलगी होते मी, मला माहीत होतं काय करायचं असतं. सोमवारी सकाळी तुम्ही आलात तर मंडळाच्या खोलीबाहेर अख्खा वर्ग जमिनीवर मांडी घालून बसलेला, आणि मी पुढे, डोक्याला बाबांचा रुमाल बांधून.

"आधी येणाऱ्याला जास्त खाऊ..."

"मिळालाच पाहिजे!"

"उशिरा येणाऱ्याला कमी खाऊ..."

"मिळालाच पाहिजे!"

त्या काळात 'झालाच पाहिजे' आमच्या तोंडात इतकं बसलं होतं की आईकडे भाकर मागतानाही आम्ही तसंच मागायचो. पण बाई, तुमचा चेहरा! तुम्हाला हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती, दोन्ही एकदम. तुम्ही रागावला नाहीत. चपला बाजूला काढल्यात आणि आमच्यासमोर, आमच्यासारखीच मांडी घालून, उन्हात बसलात. आणि मला, अकरा वर्षांच्या, रुमाल बांधलेल्या माकडाला, अगदी गंभीरपणे म्हणालात, "बोला अध्यक्ष. तुमचं म्हणणं काय?"

बाई, घरात मला "गप" म्हणायचे, शाळेत "बस" म्हणायचे. माझं म्हणणं काय, असं तोवर कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे मला म्हणणं मांडायची सवयच नव्हती. मी जे काय बोलले ते निम्मं बाबांच्या भाषणातलं होतं. 'शोषण' असा शब्द वापरल्याचं आठवतं. तुम्ही ऐकून घेतलंत, आणि एवढंच विचारलंत, "तुला कमी पडली का करवंदं?"

"नाही."

"मग?"

"पण तिला का?"

या 'तिला'त उशीर किती होता आणि पलीकडची चाळ किती होती, ते तेव्हा मला कळत नव्हतं. तुम्हाला कळलं असणार.

आणि तेवढ्यात सुशी आली, त्या दिवशी आईची वाट न बघता लवकरच. कडेवर भाऊ, धापा टाकत, नेहमीसारखी. समोर बघते तर सगळे बाहेर! कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, वर्ग अजून सुरूच झाला नाही. बाई, तिचा चेहरा आठवतो तुम्हाला? आयुष्यात पहिल्यांदा ती वेळेवर आली होती. पटकन पहिल्या रांगेत घुसली, भावाला मांडीवर घेतलं, मूठ वर केली आणि कुणालाही कळायच्या आत, सगळ्यांत खणखणीत आवाजात, "उशिरा येणाऱ्याला कमी खाऊ... मिळालाच पाहिजे!"

मागची पोरं हसायला लागली. सुशीही हसली, कशाला ते न कळता. मला मात्र हसता येईना, आणि का येत नाही तेही कळेना. तुमच्याकडे बघायचं टाळण्यासाठी मी रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

आवाज ऐकून तात्या किल्ली घेऊन खाली आले. खुशीत होते. "बघा! पोरांनीच बंद पाडली शाळा. मी सांगत नव्हतो? बाई, झालं तुमचं. उचला चित्रं." मग माझ्याकडे वळले, "मंदे, सांग सगळ्यांसमोर. ही बाई तुम्हाला बाटवायला बघत होती ना? घाबरू नको, सांग."

तोवर गॅलरीत बायका जमल्या होत्या. आजी कठड्याला टेकलेली. रात्रपाळी करून आलेले बाबा झोपमोड होऊन बनियनवर जिन्यात उभे. सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. आणि तुम्ही? तुम्ही चित्रांची गुंडाळी छातीशी धरून उभ्या राहिल्या होतात. तुमच्या बोटांखाली तो कागद चुरगळत होता. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की या बाईचं काहीतरी माझ्या हातात आहे.

मी म्हणाले, "नाही हो तात्या. दोन सुट्ट्या वाट बघतेय मी. बिस्किटंसुद्धा मागून खाल्ली. काही होतच नाही."

गॅलरी फुटली नुसती. आजीला हसताना धरावं लागलं. तात्यांनी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग हा संप कशाला?"

बाबा खाली आले. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. त्यांनी शांतपणे विचारलं, "मागणी काय आहे तुमची?" मी सांगितली. बाबांनी ती ऐकली. माझ्याकडे बघितलं, सुशीकडे बघितलं, तिच्या मांडीवर अंगठा चोखणाऱ्या भावाकडे बघितलं.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितली. या वेळी जरा हळू.

"मंदे, आयुष्यात बरेच संप बघितले," बाबा म्हणाले. "पण दुसऱ्याला कमी मिळावं म्हणून केलेला हा पहिलाच. गेटवर बदली कामगार उभा असतो सकाळपासून, त्याला कामाला घेतलं नाही तर तो आळशी ठरतो का गं?" मग तात्यांकडे वळून म्हणाले, "किल्ली राहू दे तात्या. संप म्हणजे बंद नव्हे. वाटाघाटी चालू आहेत. आणि ही सगळी आत गेली नाहीत तर दुपारी मोर्च्यात सापडतील. मग शोधायला तुम्ही जाणार आहात का?"

तात्या पुटपुटत वर गेले. आम्ही आत गेलो. संप मिटला नाही, पण वर्ग चालू राहिला.

रात्री आजीला सगळं सांगितलं, मळ्याची गोष्टही. तिने सूप खाली ठेवलं आणि निकाल दिला, "तो मालक खुळो आसा." मग पुन्हा सूप उचललं. "पण बरो आसा."

बाई, वाटाघाटी कधी संपल्याच नाहीत. तुम्ही लग्न होऊन गेलात, बदल्या झाल्या, मी टाइपिस्ट झाले, संसार केला, तरी वर्षातून एकदा आपलं भांडण व्हायचंच. आधी पत्रातून, मग फोनवर. ऑफिसात माझ्यानंतर लागलेलीला माझ्याइतकंच मिळालं तेव्हा मी तुम्हाला म्हणाले, "तुमचा मळेवाला आमच्या ऑफिसात आलाय, काढा त्याला." धाकट्या सुनेचं कौतुक झालं तेव्हा मोठीच्या वतीने भांडले. तुम्ही नेहमी, "तुझी पुडी भरलेली होती ना, मंदा?" असं विचारून मला आणखी चिडवायचात. आणि मग तुमचे डोळे गेले त्या वर्षी फोनवर तुम्ही एकदम म्हणालात, "खरं सांगू? मलाही सगळी पटत नाही ती गोष्ट. पण गोष्ट माझी नाही ना. मी नुसती वाटणारी." इतकी वर्षं ज्या भिंतीशी भांडले, ती भिंत आतून माझ्याच बाजूला होती.

सुशीचंही सांगते. ती परिचारिका झाली, परळच्याच एका हॉस्पिटलात निवृत्त झाली. ती बौद्ध राहिली, मी आमच्या देवांची राहिले, तुम्ही येशूच्या. शिवडीला ती माझ्या हाताला धरून उभी होती. मी तिला विचारलं, तुला त्या संपाचं काही आठवतं का? म्हणाली, "घोषणा आठवतात गं. मजा आली होती." तिला अजूनही माहीत नाही तो संप कुणाविरुद्ध होता. मी सांगितलं नाही. तुम्हीही कधी सांगितलेलं दिसत नाही.

आता शेवटची भेट. पाऊस संपता संपता आले होते. मी ठरवून आले होते विचारायला, बाई, आमच्यातलं कुणीच तुमच्या वाटेने आलं नाही, याचं तुम्हाला दुःख झालं का? पण तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. उशीवरून मान वळवून तुम्हीच विचारलंत, "मंदा, एक कळत नाही मला. तुम्ही पोरं येत का होता गं? त्या कोंदट खोलीत, भर मे महिन्यात, रोज?"

डोळे दिसत नव्हते तुमचे, पण चेहरा असा लावला होतात की उत्तर आल्याशिवाय हलणार नाही. मला भरून आलं. आणि भरून आलं की मी वाह्यातपणा करते, हे तुम्हाला माहीत आहे.

मी म्हणाले, "पंख्यासाठी, बाई. आख्ख्या चाळीत पंखा फक्त त्या खोलीत होता."

तुम्ही हसलात. इतक्या हसलात की खोकला आला, तुम्हाला सांभाळणारी मुलगी धावत आली, माझ्यावर डोळे वटारले आणि मला बाहेर काढलं. माझा प्रश्न राहून गेला. परतताना मी स्वतःला शिव्या घातल्या, की मरणाच्या दारातल्या बाईने मनापासून काही विचारलं आणि या म्हातारीने थट्टा केली.

आज हे लिहिताना मात्र माझा जीव जरा खाली बसतोय. बाई, तो पंखा मंडळाला वर्गणीतून आला त्याच वर्षी जळला होता. दोन्ही उन्हाळे तो नुसता लटकलेला होता, त्याच्या पात्याला गणपतीतल्या पताका अडकलेल्या. तुम्ही त्याच्याखाली उभ्या राहून घाम पुसत गोष्टी सांगत होतात. वारा नव्हता हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

म्हणूनच हसलात ना?